पाहुणे आले की आधी किल्ला, मग साड्या

दिवाळी आटोपली की आपल्या सगळ्यांकडे पुण्या-नाशिकचे पाहुणे सुरू होतात. हवा बरी असते, बाजारात पोंक आलेला असतो, शिवाय कुणाच्या तरी लग्नाचा बस्ता. कार्यक्रमही ठरलेला. सकाळी लोचो, दिवसभर रिंग रोडच्या मार्केटात साड्या, संध्याकाळी डुमसला टमाट्याची भजी आणि दुसऱ्या दिवशी घारीचा डबा घेऊन गाडीत. मी १९७८ साली बँकेच्या बदलीवर इथे आलो. चाळीसेक वर्षं मीही पाहुण्यांना हेच दाखवत होतो. आता दाखवत नाही, आणि तुम्हीही दाखवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रागावू नका, कारण सांगतो.

तीन वर्षांपूर्वी पुण्याचे आमचे मेहुणे आले होते. महापालिकेने चौक बाजारचा किल्ला डागडुजी करून छान केलाय, म्हणून त्यांना आणि नातवाला घेऊन गेलो. नातू तेव्हा अकरा वर्षांचा. तापीकडच्या बाजूला उभं राहून मेहुण्यांनी खड्या आवाजात सुरू केलं, "हीच ती सुरत! महाराजांनी बेसुरत केली ती!" शेजारी एक सुरती कुटुंब उभं होतं. त्यातले गृहस्थ हसत म्हणाले, "काका, हवे तो बधुं पाछुं लावी आपो!" सगळेच हसले. सुरती माणूस असल्या गोष्टीचं वाईट वाटून घेत नाही. पण नातवाने माझा हात ओढून हळूच विचारलं, "आजोबा, तेव्हा आपण आत होतो की बाहेर?"

पोरगं जन्मलं इथे, शाळा इथली, मित्र सगळे पटेल नाहीतर शाह. मला उत्तर सुचलं नाही. चल, आइस्क्रीम खाऊ, म्हटलं.

खरं सांगायचं तर हा प्रश्न मी आयुष्यभर टाळला होता. शाखेत नवीन होतो तेव्हा एक कापड व्यापारी कॅश काउंटरशी हमखास म्हणायचे, "साहेब, आ वखते केटलुं लूंटवा आव्या?" मी कसंनुसं हसायचो. पुण्याला गेलो की मात्र तीच गोष्ट छाती फुगवून सांगायचो. इथे गप्प आणि तिथे फुशारकी, असे दोन हिशेब ठेवले होते. बँकेत असं कुणी केलं असतं तर मीच मेमो दिला असता.

त्यानंतर थोडं वाचन केलं, भटकलो. आता पाहुण्यांना आधी किल्ल्यावरच नेतो. हा किल्ला १५४० ते १५४६ या काळात बांधला तो पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना तोंड द्यायला. जानेवारी १६६४ मध्ये महाराज आले तेव्हा मोगलांचा सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दार लावून बसला आणि शहर वाऱ्यावर सोडलं. त्याआधी शाहिस्तेखान तीन वर्षं पुण्यात तळ देऊन होता, मुलूख धुऊन निघाला होता, स्वराज्याचा खजिना रिकामा होता. हे सांगायचं. आणि शहर जळालं, वीरजी व्होरांसारख्या सावकाराची हवेली गेली, हेही त्याच दमात सांगायचं. हे वीरजी म्हणजे साधे शेठ नव्हेत बरं का. इंग्रजांची कंपनीसुद्धा त्यांच्याकडून व्याजाने पैसे उचलायची. कर्जखात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्यांच्याबद्दल आदरच वाटणार! १६७० मध्ये महाराज पुन्हा आले, तेही सांगायचं.

तिथून रिक्षाने कतारगाम दरवाजा. इथल्या इंग्रजांच्या आणि डचांच्या कबरी आपल्यातल्या किती जणांनी पाहिल्यात? मी स्वतः तीस वर्षं त्या रस्त्याने स्कूटरवरून गेलो आणि एखाद्या पिराचा दर्गा असेल असंच समजत होतो. घुमट, कमानी, सगळा थाट मोगली. आत आहेत ऑक्सेंडन बंधू. थोरले की धाकटे यात मेहुण्यांनी वाद घातला, तो सोडा. ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारले, जॉर्ज १६६९ मध्ये. यातले जॉर्ज १६६४ च्या स्वारीत इंग्रज वखारीचे मुख्य होते आणि त्यांनी वखार लढवून राखली. डचांकडे व्हान रीड यांची कबर आहे, १६९१ ची. मलबारच्या झाडपाल्यावर बारा खंडांचा 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ ज्यांनी करून घेतला ते हे गृहस्थ. इंग्रजांवर मात करायची म्हणून डचांनी एवढी मोठी कबर बांधली असं सांगतात. मेल्यावरही स्पर्धा! सकाळी लवकर जा, नंतर ऊन लागतं.

परतताना मुगलीसरा. महापालिकेची कचेरी आहे ना, ती मूळची शाहजहानच्या काळातली, १६४४ ची सराई. हजला जाणारे यात्रेकरू इथे उतरायचे. घरपट्टी भरायला आपण सगळे तिथे गेलोय, वर मान करून इमारत कुणी पाहिली नसेल.

आणि मग गोपीपुऱ्यात कवी नर्मदांचं घर. तिथे मी पाहुण्यांना एक नाव मुद्दाम सांगतो, दादोबा पांडुरंग तर्खडकर. आपल्या मराठी व्याकरणाचे दादोबा. ते इथे इंग्रजी शाळेत शिक्षक होते, आणि १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने त्यांनी सुरतेत मानवधर्म सभा काढली. जातिभेद, अंधश्रद्धा यांच्यावर उघड सभा घ्यायचे. नोकरीनिमित्त सुरतेला आलेला मराठी माणूस, म्हणजे आपलाच पूर्वसुरी की! मेहुण्यांना १६६४ ची तारीख पाठ, दादोबांचा सुरतेशी संबंध ठाऊक नव्हता. मलाही कुठे होता?

१९०७ सालची काँग्रेसही सांगतो. नागपूरचं अधिवेशन इथे हलवलं ते टिळकांच्या माणसांचा तिथे जोर म्हणून. टिळक व्यासपीठावर हात बांधून उभे राहिले, हटेनात, आणि कुणीतरी दख्खनी जोडा भिरकावला. तो लागला सुरेंद्रनाथ बॅनर्जींना आणि फिरोजशहा मेहतांना. इथे पाहुणे खूश होतात.

साड्या, भजी, पोंक, सगळं त्यानंतर. बायकामंडळींचा सुरुवातीला विरोध होतो, आमच्याकडेही झाला. पण मार्केट संध्याकाळीही उघडंच असतं.

नातू आता चौदाचा आहे, गेल्या हिवाळ्यात माझ्याऐवजी तोच किल्ला दाखवत होता. नाशिकच्या भाच्याने त्याला डिवचलं, "मग तुम्ही लोक आत होता की बाहेर?" हा म्हणाला, "आत इनायतखान, बाहेर महाराज. आजोबा १९७८ ला आले, ट्रान्सफरवर."

या डिसेंबरात कुणाकडे पाहुणे येणार असतील तर कळवा. रविवारी सकाळी मी मोकळा असतो, आणि गुडघे अजून किल्ल्याच्या पायऱ्या चढतात.