पानातील पाकशाळा

अंगणातील गवतावर एखादी फळी आठ-दहा दिवस पडून राहिली, तर तिच्याखालचे गवत पिवळे-फिकट झालेले आपण पाहिले असेल. फळी उचलली की थोड्याच दिवसांत तेथे पुन्हा हिरवळ दिसू लागते. उजेडाचा आणि हिरव्या रंगाचा हा संबंध काय बरे असावा?

पानाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर ते सर्वत्र हिरवे नसते, असे आढळते. हिरवेपणा असतो तो पेशींत विखुरलेल्या, भिंगाच्या आकाराच्या इवल्याशा कणांत. यांनाच हरितलवक म्हणतात. एकेकाची लांबी मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतकी. एकाच पेशीत असे कितीतरी असतात.

हरितलवकाला दोन तलम पापुद्र्यांचे आवरण असते. आत चपट्या पिशव्या नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकावर एक रचलेल्या असतात. त्यांच्या पापुद्र्यांत हरितद्रव्य असते आणि चळतींभोवती दाटसर रस. ही रचना व्यर्थ नव्हे. चळतींमुळे थोडक्या जागेत ऊन टिपणारा पृष्ठभाग पुष्कळ मिळतो. तेथे उन्हाच्या शक्तीने पाण्याचे विघटन होते व प्राणवायू मोकळा होतो. आपण श्वासावाटे घेतो तो हाच. टिपलेली शक्ती मग भोवतालच्या रसात कामी येते आणि हवेतील कर्बवायूपासून तेथे साखर तयार होते. या साखरेची वाट मेल्विन कॅल्विन या अमेरिकन शास्त्रज्ञाने किरणोत्सर्गी कर्बाच्या साहाय्याने शोधून काढली. त्याबद्दल त्यास 1961 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

शेतकऱ्याने यातून काय घ्यावे? पीक पिवळे पडले म्हणजे केवळ त्याची शोभा गेली, असे नव्हे. हरितद्रव्याच्या घडणीत नत्र व मॅग्नेशियम लागतात, आणि लोहावाचून ते तयारच होत नाही. यांपैकी एकाची जरी उणीव पडली, तरी पाकशाळेची चूल मंदावते. भाताची लोंबी बाहेर पडल्यावर दाणा भरण्यास लागणारी साखर मुख्यतः वरच्या दोन-तीन पानांतूनच येते. त्या दिवसांत गुरांसाठी हिरवे शेंडे खुडणे म्हणजे आपल्याच ताटातला घास काढून घेणे होय.

घरातील मुलांनाही हे अवश्य सांगावे. जाता-येता झुडपांची पाने ओरबाडण्याची त्यांची सवय उपदेशाने मोडत नाही; परंतु पानात काय शिजते हे एकदा कळले, म्हणजे हात आपोआप आवरतो.