वाघ दिसला नाही म्हणून!

अमरावती-अकोल्याची मंडळी मेळघाट पाहून येतात आणि कुरकुरतात, "पैसे फुकट गेले, वाघ दिसलाच नाही!" जणू वाघ म्हणजे तमाशातला नाच्या, बिदागी दिली की त्याने फडावर आलेच पाहिजे! अहो, १९७३ साली व्याघ्रप्रकल्प निघाला तो वाघ जगावा म्हणून, आपली करमणूक व्हावी म्हणून नव्हे.

त्याच सागवनात रानपिंगळा राहतो. १८८४ नंतर ११३ वर्षे तो अभ्यासकांना सापडेना. नामशेषच झाला, असे पंडित मानू लागले. १९९७ साली तो खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा दिसला, पुढे मेळघाटातही. घुबडाच्या जातीचा असून हा पठ्ठ्या भर दिवसा फांदीवर बसतो! त्याची चौकशी कोण करतो?

दिवाळीच्या सुटीत मुलांना रानात अवश्य न्या. गाणी मात्र घरी ठेवा. पोराने एक पिंगळा ओळखला, तरी पैसे वसूल झाले समजा!