पाणी पास, मासे नापास

गेल्या शनिवारी आमच्या इथल्या ओढ्यावर पाणी तपासायला गेलो होतो. (सिएटलला ऊन पडलं की घरात बसणं गुन्हा समजतात.) तापमान १३ अंश, पीएच ७.४, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला १० मिलिग्रॅम. फॉर्म भरला आणि सोबतचे काका खूष. "बघ, ट्राउटला फर्स्टक्लास पाणी! सगळे टिकमार्क हिरवे!"

माझं डोकं इथेच फिरतं, मंडळी. आकडे खरे आहेत हो, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष ही शुद्ध थाप आहे. ऑक्सिजन आम्ही मोजला सकाळी अकराला. तेव्हा उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं. रात्रभर शेवाळासकट सगळे तो फक्त वापरतात, म्हणून सर्वात कमी भरतो पहाटे. ट्राउट गुदमरला तर तेव्हा गुदमरणार. तापमानाचंही तेच. वॉशिंग्टन राज्यात या माशांच्या मुख्य उन्हाळी ओढ्यांची मर्यादा १६ अंश आहे, तीही रोजच्या कमाल तापमानाची सात दिवसांची सरासरी. जुलैतल्या दुपारी कोण जातो मोजायला? आमच्या धंद्यात शनिवारी सकाळी सर्व्हरला एकदा पिंग करून 'सिस्टिम उत्तम' असा रिपोर्ट दिला असता तर सोमवारी हापिसात माझी वरात निघाली असती!

लॉग फाइल बघायची असेल तर दगड उलटा. खाली जाळी धरा, पायाने तळ ढवळा आणि अडकलेले किडे मोजा. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय यांच्या अळ्या महिनोन्‌महिने पाण्यात राहतात, काही स्टोनफ्लाय तर दोन-तीन वर्षं. पहाटेचा ऑक्सिजन, दुपारचं ऊन, वरून आलेला गाळ, सगळं त्यांनी सोसलेलं असतं. बिघाड सुरू झाला की बहुधा स्टोनफ्लाय आधी गायब. इथे यावरून ओढ्याला ० ते १०० गुण द्यायची पद्धतही आहे. पण किडे ओळखायला वेळ लागतो, सूक्ष्मदर्शक लागतो. किट दहा मिनिटांत आकडा देतं, म्हणून सगळ्यांचं किटवर प्रेम.

आणि किडेही सगळं सांगत नाहीत, हे मला कबूल करावंच लागेल. सिएटलच्या लाँगफेलो क्रीकसारख्या ओढ्यांवर डागडुजी झाली, समुद्रातून कोहो सामन परत आले आणि अंडी घालण्याआधीच पटापट मेले. पोटात अंडी तशीच! शहरी ओढ्यांत हे प्रमाण ४० ते ९० टक्के. तापमान, ऑक्सिजन, रोग, कीटकनाशकं, धातू... कशानेच उलगडा होईना. त्याच पाण्यात चम सामन मात्र ठणठणीत. शेवटी २०२० च्या डिसेंबरात 'सायन्स'मध्ये उत्तर आलं. टायर तडकू नये म्हणून त्यात सिक्सपीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याची क्रिया होऊन एक क्विनोन बनतं आणि ते पावसाबरोबर रस्त्यावरून ओढ्यात येतं. लिटरमध्ये मायक्रोग्रॅमचा दहावा भाग कोहोची पिल्लं मारायला पुरतो. २०२२ मध्ये कळलं की रेनबो आणि ब्रुक ट्राउटही याने मरतात, डोस जास्त लागतो इतकंच.

आमच्या फॉर्मवर याला रकानाच नाही. ज्यांनी हे पकडलं त्यांची सुरुवात मेलेले मासे मोजण्यापासून झाली, आणि तेही पावसात भिजत. बरं, उपाय परग्रहावरचा आहे का? रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून सोडलं तर कोहो जगतात, हे प्रयोगांत २०२० च्या आधीच दिसलं होतं. तसे खड्डे कुठे खणायचे हे ठरवायला पावसातले नमुने लागतात, आणि आमच्याकडे आहेत उन्हातल्या शनिवारांचे हिरवे टिकमार्क!

मी काकांना म्हटलं, "ऑक्टोबरातल्या पहिल्या मोठ्या पावसात येऊया, कल्व्हर्टच्या तोंडाशी बाटली भरूया."

"पावसात? अरे, फोटो कसे येतील?"

असो. रेनकोट घेतलाय. अजून कोणी येणार असेल तर कळवा, बाटल्या मी आणतो.