गाडी थांबू द्या: उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या प्रवाशांना जाहीर आवाहन

सकाळी बदलापूरला शेवट होणारी लोकल फलाटात शिरते, तेव्हा आतले बरेच जण उतरणारच नसतात. मुंबईपर्यंत बसून जाता यावं म्हणून ते अंबरनाथ, उल्हासनगरहून ‘रिटर्न’ आलेले असतात. हे फलाटावरच्यांना ठाऊक असतं. म्हणून गाडी थांबायच्या आत चढाओढ सुरू होते: एका हातात डबा नि छत्री, दुसरा हात दरवाजातल्या दांड्याकडे.

हे आवाहन त्या दोन-तीन सेकंदांसाठी आहे.

फलाटात शिरणाऱ्या गाडीचा वेग ताशी 18 किलोमीटर धरला, तरी ती सेकंदाला 5 मीटर सरकते. फलाटावरचा माणूस जागच्या जागी उभा असतो. दांडा धरल्यावर अर्ध्या सेकंदात त्याला गाडीचा वेग गाठायचा, तर 65 किलोच्या शरीराला सुमारे 650 न्यूटनचा हिसका बसतो. म्हणजे जवळपास स्वतःच्या वजनाइतका! तो सारा भार एका मुठीवर येतो आणि मूठ टिकते ती तळवा नि स्टील यांच्यातल्या घर्षणावर. जुलैत दांडा ओला, लादी ओली, चपलेचा तळ झिजलेला. हात सुटला, की फलाट आणि डबा यांच्यातली फट खालीच असते. फलाटाच्या उंचीवरून रुळांपर्यंत पडायला अर्धा सेकंदही लागत नाही.

चालत्या गाडीतून उतरतानाही तेच. पाय लादीला टेकताच घर्षण त्यांना थांबवतं, धड मात्र जडत्वामुळे गाडीच्याच वेगाने पुढे जातं.

दारात लटकणाऱ्यांनी 9 जून 2025 ची सकाळ विसरू नये. मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन विरुद्ध दिशांच्या लोकलमधले दारातले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले, त्या दिवशी चौघांचा जीव गेला. वळणावर बाहेरचा रूळ थोडा उंच ठेवलेला असतो, पण त्याने तोल नेमका साधतो तो ठरावीक वेगालाच. वेग त्याहून कमी-जास्त झाला, की उभी माणसं एका बाजूला रेलतात. समजा, प्रत्येकाचा रेटा पाचच किलोचा. एकामागे एक दाटलेल्या दहा जणांचा मिळून तो पन्नास किलो होतो आणि दारातल्या शेवटच्या माणसावर येतो. त्याच्या पाठीवर सॅक असेल, तर तो आणखी वीतभर बाहेर गेलेला असतो.

गर्दी प्रवाशांनी ओढवून घेतलेली नाही. गाड्या वाढवा ही मागणी शंभर टक्के रास्त आहे, ती नेटाने लावून धरलीच पाहिजे. पण गाड्या वाढेपर्यंत घरचा कर्ता माणूस रोज या बळांच्या हवाली करायचा का?

रूळ ओलांडणाऱ्यांनाही एक विनंती. पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांच्यात घर्षण कमी असतं. म्हणूनच एवढी जड गाडी कमी विजेत धावते आणि म्हणूनच ती चटकन थांबत नाही. ताशी 80 किलोमीटर वेगाच्या लोकलला ब्रेक लावल्यावर थांबायला अडीचशे-तीनशे मीटर लागू शकतात, म्हणजे साधारण बारा डब्यांच्या गाडीच्या लांबीइतकं अंतर. मोटरमनला माणूस दिसतो, पण त्याच्या हाती फारसं काही उरलेलं नसतं. पुलाचे जिने चढायला तीन-चार मिनिटं जातात. ती जाऊ द्यावीत.

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा ‘गतीचे नियम’ आहे. तिन्ही शहरांतल्या शिक्षकांनी तो शिकवताना फळ्यावर लोकल काढावी, वरचं गणित मुलांकडून सोडवून घ्यावं. अकरावीला यातली कित्येक मुलं याच गाड्यांनी कॉलेजला जाणार आहेत.

डब्यातल्या भजनी मंडळांनी, रोजच्या ग्रुपनी आणि प्रवासी संघटनांनी एवढं ठरवावं: गाडी पूर्ण थांबल्याशिवाय कुणी चढणार-उतरणार नाही, सॅक पाठीवर न ठेवता पुढे घेतली जाईल आणि दारातल्या माणसाला आत ओढून जागा दिली जाईल. कुणी पडलेलं दिसलं, तर 139 वर लगेच कळवावं; स्टेशनचं नाव आणि गाडी कोणत्या दिशेची होती, हे आधी सांगावं.