चेसिसचा नंबर आणि कामगाराचा नंबर

इंग्लंडच्या उच्च न्यायालयासमोर १९९० साली एक विलक्षण दावा चालला. वाद एका जुन्या मोटारगाडीचा होता. मालकाने ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार केला होता. खरेदीदार कंपनीने मात्र नंतर पाऊल मागे घेतले. तिचे म्हणणे असे की, ज्या नावाने ही गाडी विकली जात आहे ती गाडी ही नव्हेच. तिचे बहुतेक भाग केव्हाच बदलले गेले असून जुन्या गाडीचे फक्त नाव उरले आहे. तेव्हा एखादी वस्तू ‘तीच’ आहे म्हणजे नेमके काय, हा तत्त्वज्ञांच्या चर्चेत शोभणारा प्रश्न न्यायमूर्ती ऑटन यांना पैशांच्या व्यवहारात सोडवावा लागला.

गाडीचे नाव ‘ओल्ड नंबर वन’. बेंटली कंपनीने बनविलेली, साडेसहा लिटर इंजिनाची, ‘स्पीड सिक्स’ जातीची ही शर्यतीची गाडी. फ्रान्समधील ल मां येथे होणारी चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ साली जिंकली आणि १९३० साली पुन्हा जिंकली. १९३२ साली तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसवून तिला ब्रुकलँड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत उतरविण्यात आले. तेथे गाडी धावपट्टीच्या उंच कडेवरून बाहेर फेकली गेली आणि क्लाइव्ह डनफी हा चालक ठार झाला. त्यानंतर तिच्यावर बंद टपाचा नवा सांगाडा चढविण्यात आला. शर्यतीची गाडी ही अशीच जगते. प्रत्येक शर्यतीनंतर ती उघडली जाते, झिजलेले काढले जाते, नवे बसविले जाते. न्यायालयात तज्ज्ञांनी तिचा एकेक भाग तपासला तेव्हा १९२९ च्या विजयी गाडीपैकी पेडलांचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा एवढेच शिल्लक असावे, असे निष्पन्न झाले. चेसिस, इंजिन आणि बाकी बरेच काही नंतरच्या काळातले होते.

तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. कारखान्यातून बाहेर पडली त्या अर्थाने ही ‘मूळची’ गाडी म्हणता येणार नाही, हे न्यायमूर्तींनी मान्य केले. परंतु भाग बदलले ते हळूहळू, एका अखंड वस्तूत मिसळत गेले, आणि कोणत्याही टप्प्यावर गाडीने आपली ओळख गमावली नाही; शिवाय या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडी जगात नाही; म्हणून ‘ओल्ड नंबर वन’ ती हीच, असा त्यांचा निर्णय होता. विकला गेला तो केवळ धातू नव्हे, तर त्या धातूशी जोडलेला इतिहासही विकला गेला, हे त्यांनी स्पष्टपणे नोंदविले.

भारतीय वाचकाला येथे ‘मिलिंदप्रश्न’ आठवल्यावाचून राहणार नाही. रथ म्हणजे आस काय, चाके काय, जू काय, असे नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, आणि यांपैकी एकही रथ नव्हे, ‘रथ’ हे या सर्वांच्या जुळणीला दिलेले व्यवहारातले नाव आहे, हे त्याच्याकडूनच वदवून घेतो. इंग्लंडच्या न्यायालयाने त्या युक्तिवादाला बाजारभाव जोडला, एवढेच. नावाची किंमत एक कोटी पौंड आणि ते नाव उभे राहते इतिहासावर. येथपर्यंत तर्क निर्दोष आहे. त्यापुढचा प्रश्न मात्र न्यायालयापुढे नव्हता आणि जुन्या गाड्यांच्या लिलावाच्या सूचिपत्रांतही तो सहसा येत नाही. तो प्रश्न असा की, वस्तूचे मोल जर तिच्या इतिहासात असेल, तर तो इतिहास कोणाकोणाचा धरायचा?

अशा गाडीचा इतिहास शोधण्याची एक रीतसर विद्या आता तयार झाली आहे. कारखान्याच्या वह्यांतील चेसिसचा व इंजिनाचा नंबर, नोंदणीचे दाखले, विमा व दुरुस्तीची बिले, जुनी छायाचित्रे, मालकांची पत्रे हे सारे जुळवून मालकांची अखंड साखळी उभी केली जाते. हरवलेला एखादा भाग दुसऱ्या कोणत्या गाडीत गेला, याचा माग दशकानुदशके काढला जातो. त्यावर ठोकलेला नंबर भिंगाखाली धरून पाहिला जातो. हा केवळ श्रीमंतांचा पोरखेळ आहे, असे म्हणून तो झटकून टाकणे बरोबर होणार नाही. त्यात चिकाटी आहे आणि पुराव्याविषयी आदर आहे. जुने कातारी आणि पत्र्याचे कारागीर यांचे कसब आज थोडेफार टिकून आहे, त्याचे काही श्रेय या हौशी मंडळींना द्यावेच लागेल. आक्षेप आहे तो त्यांच्या वहीतील रकान्यांवर. त्या वहीत मालकांसाठी रकाना आहे, चालकांसाठी आहे, विजयांसाठी आहे. ज्यांच्या श्रमाने गाडी उभी राहिली त्यांच्यासाठी मात्र रकानाच आखलेला नाही.

‘ओल्ड नंबर वन’चेच उदाहरण पाहावे. बेंटली कंपनी १९१९ साली निघाली आणि पुढे आर्थिक ओढाताणीत सापडली. १९२६ साली तिला तारले ते वुल्फ बार्नाटो याच्या पैशाने. १९२९ आणि १९३० या दोन्ही वर्षी ल मांच्या विजयी चालकांत तोही होता. हा पैसा आला कोठून? त्याचा बाप बार्नी बार्नाटो हा दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींवर गबर झालेला. सेसिल ऱ्होड्सशी आधी स्पर्धा करून १८८८ साली डी बीअर्सच्या एकत्रीकरणात त्याचा भागीदार झालेला. त्याच किंबर्लीत १८८० नंतरच्या दशकात बंदिस्त वसाहतींची पद्धत रूढ झाली. खाणीत उतरणाऱ्या आफ्रिकी मजुराला करार संपेपर्यंत कुंपणाबाहेर पाऊल टाकता येत नसे. वसाहतीवर वरूनही जाळी असे. आणि सुटताना हिरा चोरला किंवा गिळला असेल या संशयावरून त्याची झडती होई, त्याला काही दिवस कोंडून ठेवले जाई. ल मांच्या विजयस्तंभापाशी उभ्या असलेल्या गाडीच्या वंशावळीत हे मजूर येत नाहीत. परंतु पेडलांचा दांडा कोणत्या वर्षीचा, हे ठरविण्याइतकीच काटेकोर दृष्टी भांडवलाच्या उगमाकडे वळविली, तर वंशावळीची सुरुवात किंबर्लीतच करावी लागेल.

दुसरे टोक लंडनच्या उत्तर भागातील क्रिकलवुडचे. तेथल्या कारखान्यात या गाड्या घडल्या. जागतिक मंदीत, १९३१ साली, बार्नाटोने आणखी पैसे घालण्यास नकार दिला आणि कंपनीचे दिवाळे वाजले. रोल्सरॉइसने एका मध्यस्थ संस्थेच्या आडून बोली लावून सुमारे सव्वा लाख पौंडांना ती सबंध विकत घेतली. साठ वर्षांत पौंडाची किंमत किती घसरली हे हिशेबात धरूनही १९९० साली एका गाडीला ठरलेला भाव सबंध कंपनीच्या त्या किमतीहून बराच अधिक भरतो. संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली याला पुढील काही वर्षे नव्या मालकाच्या नोकरीत काढावी लागली. क्रिकलवुडचा कारखाना बंद झाला आणि १९३३ पासून बेंटली गाड्या डर्बीत तयार होऊ लागल्या. संस्थापकाचे पुढे काय झाले हे चरित्रांत सापडते, गाडीचे पुढे काय झाले हे न्यायालयाच्या निकालपत्रात सापडते. साच्यापुढे, लेथपुढे, भट्टीपुढे उभे राहणाऱ्या माणसांचे पुढे काय झाले, याला मात्र तसा चरित्रकार लाभला नाही.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. कामगाराला मजुरी मिळाली, व्यवहार संपला. आता इतिहासात त्याचा वाटा कसला? पण मग मालकालाही किंमत मिळाली आणि गाडी विकल्यावर त्याचाही व्यवहार संपला. त्याचे नाव साखळीत का राहते? आणि न्यायालयाचा तर्क खरा मानायचा, तर गाडीची ओळख टिकली ती जुने काढून नवे बसविणाऱ्या हातांमुळेच. ते हात थांबले असते तर १९३२ नंतर तेथे मोडक्या लोखंडाचा ढीग उरला असता आणि वाद घालण्याजोगी गाडीच राहिली नसती. मालक बदलत गेले, भाग बदलत गेले. अखंड राहिले ते श्रम. तरीही वंशावळीत नोंद नाही ती त्यांचीच.

हा प्रश्न दूरच्या इंग्लंडपुरता नाही. भारतात २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी निराळी नोंदणी आली. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी, चेसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे या कसोटीला ‘ओल्ड नंबर वन’ कदाचित उतरली नसती. जुन्या वस्तूची ओळख शासन इतक्या कसोशीने नोंदवू इच्छिते, यात वावगे काही नाही. मात्र याच देशात, मुंबईच्या गिरणगावात, माणसाची ओळख कशी नोंदली गेली होती?

जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर घरे देण्याचे ठरले, तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा कामगारांकडे आणि त्यांच्या वारसांकडे मागण्यात आला. तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, रजेचे पुस्तक, भविष्य निर्वाह निधीचा वा राज्य विमा योजनेचा क्रमांक, यांपैकी काहीतरी हवे होते. अर्ज लाखाहून अधिक आले. २०१२ च्या सोडतीत घरे निघाली ६,९२५. गिरणीच्या यंत्रांवर बनविणाऱ्या कंपनीचे नाव आणि साल ओतलेले होते, त्यामुळे भंगारात जातानाही त्यांची ओळख त्यांच्याबरोबर गेली. ती यंत्रे तीस-तीस वर्षे चालविणाऱ्या माणसाची ओळख मात्र कोकणातल्या नाहीतर साताऱ्याकडच्या घरात, पत्र्याच्या ट्रंकेत पडलेल्या एका चिठोऱ्यावर अवलंबून राहिली. ज्याच्या घरात ते चिठोरे वाळवीने खाल्ले, त्याने आपली हयात गिरणीत घालविली हे सिद्ध करायचे कशाने?

येथे कार्यकर्त्यांना जुन्या गाड्यांच्या संशोधकांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. एका पेडलाच्या दांड्यासाठी जी चिकाटी दाखविली जाते तिचा दहावा हिस्सा कामगारांच्या नोंदींसाठी दाखविला, तरी काम बरेच पुढे जाईल. बंद पडलेल्या कारखान्याची मस्टर बुके, युनियनच्या सभांची इतिवृत्ते, पगाराच्या चिठ्ठ्या, बिल्ले, खात्याखात्यांतील समूहछायाचित्रे हे सारे दिवसेंदिवस रद्दीत जात आहे. साखर कारखाने, हातमाग, यंत्रमाग, बिडी उद्योग, एस. टी.ची आगारे, कोठेही हीच कथा. नोंद नसली की हक्क बुडतो, हा गिरणगावाचा कटू अनुभव आहे. तेव्हा प्रत्येक तालुक्यात दोघांनी जरी ही कागदपत्रे जमवून त्यांच्या प्रती काढण्याचे काम अंगावर घेतले, तरी ते एखाद्या मोर्चाहून कमी मोलाचे ठरणार नाही.

‘ओल्ड नंबर वन’च्या दाव्यात मान्य झालेले तत्त्व उत्तम आहे, वस्तूची ओळख तिच्या अखंड इतिहासात असते. ते तत्त्व फक्त मोटारीला लावायचे आणि माणसाला नाही, असे मात्र चालणार नाही. चेसिसच्या नंबराची वही जितक्या निगुतीने ठेवली जाते, तितक्याच निगुतीने कामगाराच्या नंबराची वही ठेवली गेली पाहिजे. मालकांना ती ठेवण्याची गरज कधी वाटली नाही. म्हणून ती आता कामगारांच्या संघटनांनीच ठेवायला हवी.