कर्त्या पुरुषाला आयोग नको, आधार हवा

‘पुरुष आयोग हवाच’ असा आग्रह धरणारी पत्रे पुन्हा येऊ लागली आहेत आणि प्रत्येकात एकच आकडा पुढे केला जातो: २०२२ मध्ये देशात आत्महत्या केलेल्या १,७०,९२४ जणांपैकी १,२२,७२४ पुरुष होते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा हा आकडा खरा आहे. मात्र त्यातून ‘बायका आणि त्यांच्या बाजूचे कायदे पुरुषांचे बळी घेतात’ हा निष्कर्ष काढणाऱ्यांनी तोच अहवाल पुढे वाचलेला दिसत नाही. त्यात विवाहाशी निगडित कारणे ४.८ टक्के आहेत. ‘इतर कौटुंबिक समस्या’ ३१.७ टक्के आहेत, त्यात पत्नीचा छळ दडला असेल, असा प्रतिवाद होईल. काही घटनांत तसे असेलही. पण त्या रकान्यात भाऊबंदकीपासून घरखर्चापर्यंत काहीही मावते. त्याच अहवालात रोजंदारीवर जगणारे २६.४ टक्के आहेत, त्यांच्याविषयी ही पत्रे मौन का पाळतात?

शेतीचे पाहा. त्या वर्षी आत्महत्या केलेल्या ५,२०७ शेतकऱ्यांपैकी ४,९९९ पुरुष होते. सातबारा बाईच्या नावावर नसतो, त्यामुळे तिची नोंद बहुधा गृहिणी म्हणून होते, हे मान्य. तरीही एक प्रश्न उरतोच. नापिकी, सावकार, मुलीचे लग्न हे सारे दोघांच्याही वाट्याचे असते. नवरा गेल्यावर तेच कर्ज डोक्यावर घेऊन त्याची विधवा पुढच्या हंगामाला उभी राहते. दुःख पैशाचेच असेल, तर तिचे ओझे त्याच्याहून जास्त आहे. फरक असा की घरात आणि गावात त्याची किंमत त्याच्या कमाईवर ठरलेली असते. कमाई थांबली की तो स्वतःच्याच नजरेतून उतरतो आणि ते बोलून दाखवणे त्याला कमीपणाचे वाटते. ‘बायकांसारखा रडतोस काय’ हे त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. दारू पिण्याला मात्र कोणी बायकी म्हणत नाही. आत्महत्येचे प्रयत्न स्त्रियाही मोठ्या प्रमाणात करतात, पुरुष अधिक घातक मार्ग निवडतात, एवढाच हा फरक असल्याचे काही जण म्हणतात. पण वेळेत मदत न मागणे हाही पुरुषी शिकवणुकीचाच भाग नाही का? कर्जमाफी हवीच, तिच्याने ही शिकवण मात्र बदलत नाही.

वृत्तपत्रांनीही यात भर घालू नये. तपास सुरू होण्याआधीच ‘पत्नीच्या छळाला कंटाळून’ असा मथळा देऊन एका मृत्यूचे एकच कारण ठरवून टाकणे बेजबाबदारपणाचे आहे आणि आपले दैनिकही त्याला अपवाद नाही. अशा बातमीखाली १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक छापायला किती जागा लागते? ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि मराठीतून बोलता येते.

२०२२ च्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्यांचे प्रमाण १० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. देशात सर्वाधिक, म्हणजे २२,७४६ आत्महत्या त्या वर्षी महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या. दिल्लीत आयोगाचे कार्यालय थाटून यातला एकही मजूर वाचणार नाही. त्यापेक्षा मजूर नाक्यावर, बाजार समितीत आणि पीककर्ज देणाऱ्या बँकेच्या शाखेत समुपदेशक बसवावेत. पुरुषांची खरोखर कळकळ असलेल्यांनी सरकारकडे हे मागावे.

– एक वाचक, यवतमाळ