जंतू घाबरला की पकडला जातो

२०२५ पर्यंत भारतातून टीबी हद्दपार करायचा, असं सरकारनं २०१८ मध्ये जाहीर केलं होतं. जगाचं लक्ष्य २०३०चं, आपलं त्याच्या पाच वर्षं आधीचं. ते साल सरलं. रुग्ण कमी झालेत हे खरं, पण आजही जगातल्या दर चार टीबी रुग्णांपैकी साधारण एक भारतातला असतो. अडलंय कुठे? अर्धपोटी माणसं, दाटीवाटीची घरं, मध्येच सोडलेली औषधं ही उत्तरं तुम्ही ऐकली असतील. बातम्यांत कमी येणारं उत्तर म्हणजे मोठ्यांसाठी खात्रीची लसच नाही. दंडावर व्रण ठेवून गेलेली बीसीजी १९२१ पासून वापरात आहे. ती बाळांना गंभीर टीबीपासून वाचवते, पण तुमच्या-माझ्या वयापर्यंत तिचा जोर ओसरतो.

नवी लस हवी तर शरीर या जंतूला ओळखतं कसं, हे आधी कळायला हवं. आणि ही गोष्ट खरंच भारी आहे.

टीबीचा जंतू मॅक्रोफेज या पेशीत घुसतो. ही पेशी जंतू गिळून पचवणारी, म्हणजे चोर थेट पोलीस चौकीतच मुक्कामाला! तिथं त्याच्यावर आम्लाचा आणि विषारी रसायनांचा मारा होतो. अशा ताणात प्रथिनांच्या घड्या विस्कटतात. त्या सावरायला जंतू ‘हीट शॉक’ प्रथिनं भराभर बनवतो. (हे नाव पडलं कारण या प्रतिक्रियेचा पहिला माग १९६२ मध्ये तापमान वाढलेल्या फळमाश्यांत लागला.) जीव वाचवायची ही धडपडच त्याला उघडं पाडते.

कारण आपल्याकडे गॅमा-डेल्टा टी पेशी आहेत. रक्तातल्या टी पेशींत त्यांचा वाटा जेमतेम एक ते दहा टक्के. नेहमीच्या टी पेशींना जंतूचा तुकडा एमएचसी नावाच्या ताटात वाढून द्यावा लागतो. यांचे तसे नखरे नसतात, त्यामुळे त्या लवकर कामाला लागतात. १९८०च्या दशकाच्या शेवटी उंदरांतल्या अशा काही पेशी टीबी गटातल्या जंतूंच्या हीट शॉक प्रथिनाला प्रतिसाद देताना दिसल्या. माणसांत मामला थोडा वेगळा आहे. आपल्या रक्तातला त्यांचा मुख्य प्रकार प्रथिनापेक्षा एचएमबीपीपी या जंतूच्या इवल्याशा रेणूची चाहूल घेतो.

मग हीट शॉक प्रथिनाचीच लस का नाही करायची? गोची अशी की ताण आला की आपल्या पेशीही असंच प्रथिन बनवतात आणि ते जंतूच्या प्रथिनाशी जवळपास निम्मं जुळतं. नेम चुकला तर मार आपल्याच शरीराला. हेच साम्य दुसरीकडे कामाचंही ठरतं. मुंबईत डॉ. शुभदा चिपळूणकर यांच्या गटानं दाखवलं की, अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या पेशींना गॅमा-डेल्टा पेशी मारतात, त्यात हीट शॉक प्रथिनांचा हात असतो.

सध्या सगळ्यांचं लक्ष आहे एम७२ या लसीकडे. तिची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली. तिच्यात टीबीच्या जंतूची वेगळीच दोन प्रथिनं जोडून वापरलीत. पण माझं मत विचाराल तर नुसत्या लसीवर भिस्त ठेवणं धोक्याचं आहे. झारखंडमधल्या रेशन्स चाचणीत रुग्णाच्या घरच्यांना पुरेसं धान्य दिलं, तर त्यांच्यातला टीबी जवळपास ४० टक्क्यांनी घटला. टी पेशींनाही जेवण लागतंच की. ‘इम्युनिटी बूस्टर’च्या रील्समध्ये हे कुणी सांगत नाही.

आणि हो, खोकला दोन आठवड्यांपेक्षा लांबला तर सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी मोफत होते.